वही पहिली, पान तिसरं

बाजारात त्यांना सगळे भिंगमास्तर म्हणायचे. मास्तर ते कधीच नव्हते. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी एकेचाळीस वर्षं काचा घासल्या. खोलीला खिडकी नव्हती. एक चाक, चाकावर ठिबकणारं पाणी, एक स्टूल आणि डोक्यावर ट्यूबलाइट. घासलेली काच ते ट्यूबलाइटखाली धरायचे आणि हळूच हलवायचे. काचेतून दिसणारी दिव्याची रेघ सरळ राहिली तर काच पास. रेघ जराशी जरी लचकली, तरी काच पुन्हा चाकावर. मालक म्हणायचे, "अहो मास्तर, गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही." हे म्हणायचे, "मला कळलंय ना."

ते माझे यजमान. मी त्यांना 'अहो' म्हणायची आणि लिहिताना 'हे' लिहायची. इथेही तसंच लिहिते.

सहावीत असताना ह्यांच्या वडिलांनी ह्यांचं नाव शाळेतून काढून त्यांना चाकावर बसवलं. त्याचं दुःख ते कधी बोलून दाखवत नसत, पण शाळेवरून जाताना चालणं मंद व्हायचं. दुकानात फ्रेमा यायच्या त्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या. ते कागद टाकून द्यायचे नाहीत. चुरगळलेले कागद मांडीवर सपाट करून जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. अर्धी बातमी, मागचं पान गायब, कधी नुसता मथळा. त्यांचं सगळं ज्ञान असं तुकड्यांचं होतं आणि प्रत्येक तुकडा त्यांना पाठ होता.

मी सिस्टरांच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा हे म्हणाले, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या. रोज मला एक गोष्ट सांगायची. फुकट नको, मीही एक सांगीन."

"आधी तुम्ही सांगा," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला नाही. पाठच होतं. "शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो."

मी हसले. ते नाही हसले. म्हणाले, "विचार करा. एवढा मोठा डोळा, आणि बघितलेलं ठेवायला जागा नाही."

सिस्टरांनी रोज लिहायची सवय लावली होती, म्हणून मी एक लांबट वही आणली. तारीख, कोणी सांगितलं, काय सांगितलं, कुठून कळलं. चार रकाने. शहामृग पहिल्या वहीच्या तिसऱ्या पानावर आहे. त्याच्या आधीच्या दोन पानांवर मी नुसतं रकाने कसे आखायचे ते करून बघितलं होतं.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस मी भरती-ओहोटीचं सांगायला लागले आणि हे म्हणाले, "मिस, हे झालंय." मला ते मिस म्हणायचे. वही काढून बघितलं तर खरंच, बावीस दिवसांपूर्वी झालं होतं. त्यांनी माझं ताट उचलून पालथं घातलं. "आठवा काहीतरी नवीन. मग वाढतो." मी हसून हसून बेजार झाले आणि दोन मिनिटांत सापाला पापण्या नसतात हे सांगून ताट सुलटं करून घेतलं. त्या दिवशी खरंच फार मजा आली होती. तसं वहीतही लिहिलेलं आहे.

नियम असा तयार झाला. रोज प्रत्येकाने एक नवीन गोष्ट सांगायची. आधी कोणी सांगितलेली असेल तर ताट पालथं, आणि बाकीच्यांचं जेवण संपल्यावर त्याने एकट्याने जेवायचं. आधी सांगितली आहे की नाही हे वही ठरवणार. वह्या वाढत गेल्या तशी मी सूची केली, अ पासून ज्ञ पर्यंत, कोणती गोष्ट कुठल्या वहीत कुठल्या पानावर. अर्ध्या मिनिटात मी सांगू शकायची. ह्यांना त्या सूचीचा फार अभिमान होता. दुकानात सांगायचे, "आमच्या घरी खोटं चालत नाही. मिसची सूची आहे."

मुलगी पाच वर्षांची झाली तशी टेबलाशी बसली. ती चलाख. रोज दोन-दोन गोष्टी आणायची, एक आजची आणि एक राखीव. तिच्या पाठीवर दोन वर्षांनी मुलगा. त्याचं डोकं वाईट नव्हतं. त्याला घाई जमायची नाही, एवढंच. एखादी गोष्ट त्याच्या मनात शिरली की तो तिच्याशीच खेळत बसायचा. हे विचारायचे, "आजचं?" आणि तो म्हणायचा, "बाबा, मी अजून कालचंच बघतोय."

"कालचं काल संपलं," हे म्हणायचे.

शेजारच्यांना आमचं कोण कौतुक. संध्याकाळी सात वाजता खिडकीतून आवाज बाहेर जायचे, तर खालून जाणारे थांबून ऐकायचे. मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकदा ह्यांना बोलावलं. पालकांची सभा होती. घरातल्या सगळ्यांनी मिळून आयुष्यभर कसं शिकत राहावं, यावर बोलायचं होतं. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पण मनगटाच्या घड्यांत काचेची पांढरी भुकटी होतीच. ती कधी निघाली नाही. माइकसमोर उभे राहून ते बोलले आणि फार छान बोलले. सहावी नापास माणूस, म्हणजे नापासही नाही, काढलेला माणूस, आणि समोर दोनशे शिकलेले लोक टाळ्या वाजवत होते. मी डोळे पुसले.

मग त्यांनी मुलाला स्टेजवर बोलावलं. तो नऊ वर्षांचा होता, तिसरीत.

"सांग बेटा, आज काय नवीन शिकलास?"

तो माइककडे बघत राहिला. मग म्हणाला, "मधमाशीला पाच डोळे असतात."

हे माझ्याकडे वळले. मी पहिल्या रांगेत होते. "मिस, वहीत आहे का?"

वही माझ्या मांडीवर होती. लोकांना दाखवायला आणली होती. मुलीने आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. मी म्हणाले, "आहे."

हे माइकमध्ये म्हणाले, "आमच्या चिरंजीवांना आज जेवण उशिरा मिळणार बरं का." सगळा हॉल हसला. मुलगाही हसला, कारण सगळे हसत होते.

त्या संध्याकाळी ताट पालथं झालं. आमची जेवणं झाल्यावर मी त्याला हाक मारली, तर तो अंथरुणात तोंड भिंतीकडे करून पडला होता. "भूक नाही." दुसऱ्या दिवशी त्याला काही सुचेना. ताट पालथं. तिसऱ्या दिवशीही तेच. मुलीने टेबलाखालून त्याच्या हातात चिठ्ठी दिली, ती ह्यांनी पकडली आणि तिचंही ताट पालथं घातलं. मला त्याच्या खोलीत दूध आणि भात नेता आला असता. मी नेला नाही. वहीत त्या दिवशी मी लिहिलं आहे, 'आज जरा कठोर झालो, पण शिकेल.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार आहे.

चौथ्या दिवशी तो टेबलाशी येऊन उभा राहिला. बसला नाही.

"माणूस अन्नाशिवाय काही आठवडे जगू शकतो," तो म्हणाला. "पाण्याशिवाय मात्र थोडेच दिवस."

मी सूची उघडली. अ मध्ये अन्न नव्हतं, उ मध्ये उपास नव्हता. "नाही," मी म्हणाले.

ह्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! कुठून मिळालं?"

"शाळेच्या वाचनालयात. मी शोधलं."

"बघा मिस, स्वतः शोधलं! लिहा. आणि याला आधी वाढा."

मी आधी त्याला वाढलं. तो जेवला, सगळं जेवला, आणि ह्या माणसाला, ज्याला काचेतल्या रेघेचा केसाएवढा वाक दिसायचा, समोर काय बसलं आहे ते दिसलं नाही. मला दिसलं होतं. मी लिहीत होते.

त्यानंतर मुलगा एकदाही अडकला नाही. रोज सात वाजता तो एक गोष्ट आणायचा, नीट, पुराव्यासकट, आणि टेबलावर ठेवायचा, पोस्टमनने पत्र टाकावं तशी. पुढे तो रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत लागला. तिथेही त्याचं नाव आहे. त्याच्या हातून रिपोर्ट चुकत नाही.

मुलगी लग्न होऊन लांब गेली. फोनवर तिने कधी काही नवीन सांगितलं नाही. फक्त तब्येत विचारायची. सून आली. ती फुलांच्या दुकानात काम करते. पहिल्या संध्याकाळी ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, हे घर आहे की तोंडी परीक्षा?" पण ती हुशार निघाली. रोज एका फुलाचं नाव सांगायची आणि हिशेबाने वर्षभर पुरवायची. हे तिच्यावर खूश होते.

मग नात झाली. तिला हे घारू म्हणायचे. दुकानातून निवृत्त होताना मालकांनी ह्यांना डोळे तपासायचा जुना तक्ता दिला होता, वर मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणारं. तो त्यांनी जेवणाच्या खोलीत लावला आणि घारूला अक्षरं शिकवली ती त्यावरूनच. आधी वरची ओळ. ती आली की एक पाऊल मागे. मग खालची ओळ. पाच वर्षांची असताना पोरगी दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून शेवटची ओळ वाचायची. हे तिला कडेवर घेऊन म्हणायचे, "घार आहे घार! हिच्यापासून काही लपायचं नाही." नंतर त्यांनी तक्ता उलटा टांगला, तर ती उलटं वाचायला शिकली. मी हे सगळं बघायची आणि मला वाटायचं, मुलाला हा माणूस मिळायला हवा होता.

ह्यांच्या शहात्तराव्या वर्षी, एका सोमवारी, टेबलावर ह्यांची पाळी आली. ते सावरून बसले, डोळे चमकले, आणि म्हणाले, "शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो."

आम्ही हसलो. थट्टा करताहेत असं वाटलं. ते हसले नाहीत. "विचार करा," म्हणाले. "एवढा मोठा डोळा, आणि बघितलेलं ठेवायला जागा नाही."

मुलाने घास खाली ठेवला. "आई, वहीत आहे का?"

सूची उघडायची गरजच नव्हती. पण त्याच्या त्या प्रश्नात काहीतरी होतं. चाळीस वर्षांपूर्वी हॉलमध्ये माझ्याकडे वळून बघितलेलं तोंड होतं. तेव्हा मी मुलाची बाजू घेतली नव्हती. आज घेतली.

"आहे. वही पहिली, पान तिसरं."

मुलगा उठला. त्याने बापाचं ताट अगदी अलगद पालथं घातलं. "आठवा काहीतरी नवीन, बाबा. मग वाढतो."

ह्यांना आनंद झाला. "बरोबर! नियम म्हणजे नियम." ते हात मांडीवर ठेवून बसले. आम्ही जेवलो. घारू तेव्हा आईच्या मांडीवर बसून जेवायची. सगळ्यांचं झालं, ताटं उचलली, आणि मी 'आता वाढते' म्हणणार तेवढ्यात हे उठले, बेसिनपाशी गेले, हात धुतले, चूळ भरली आणि टॉवेलला तोंड पुसत म्हणाले, "आज भाजी छान झाली होती, मिस."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी मुलाकडे बघितलं. मुलगा ताट सुलटं करून फडताळात ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी शहामृग. तिसऱ्या दिवशी शहामृग. मध्येच एखाद्या दिवशी काहीतरी वेगळं निघायचं, पण तेही जुनंच. चौतीस वह्यांत त्यांचं सगळं सांगून झालेलं होतं, आणि नवीन आत जात नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं. फोटो काढले. म्हणाले, "हे आता वाढत जाणार. रोजचा क्रम मात्र मोडू नका. सवयीच्या गोष्टी चालू ठेवा, डोक्याला थोडं काम द्या." दुसऱ्या कुठल्या घरात याचा अर्थ सकाळचं फिरणं आणि पत्ते असा झाला असता. आमच्या घरात सात वाजताचं टेबल चालू राहिलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

सकाळी ते थोडं दूध घ्यायचे, दुपारी सून दुकानातून येऊन काहीबाही भरवायची. पण आयुष्यभर त्यांचं खरं जेवण संध्याकाळचंच. ते गेलं. त्यांनी चष्म्याच्या फ्रेमीला भोक पाडायच्या टोच्याने पट्ट्याला स्वतःच नवीन भोक पाडलं. मग आणखी एक. भोकं एका रेषेत, सारख्या अंतरावर. हात अजून चुकत नव्हता.

एका संध्याकाळी सुनेचा नवऱ्यापुढे बांध फुटला.

"अहो, ते जेवलेले नाहीत! तुम्हाला दिसत नाही का?"

"जेवण आहे की स्वयंपाकघरात. सगळ्यांचं झाल्यावर घ्यायचं, असा नियम आहे."

"ते विसरतात!"

"मग त्यांना नवीन काहीतरी आठवायला सांग."

"त्यांना आठवत नाही हो, आजार आहे त्यांना!"

"मलाही आठवायचं नाही," मुलगा म्हणाला. "मी तिसरीत होतो."

हे दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते, टेबल-टेनिस बघावं तसे. मला म्हणाले, "मिस, कोण जिंकतंय?"

सून उठली. तिने ह्यांचं ताट सुलटं केलं, त्यात भात वाढला, भाजी वाढली. "आजपासून हा खेळ बंद. बाबा, जेवा."

ह्यांनी ताटाकडे बघितलं. दोन्ही हातांनी काठ धरले आणि ताट पालथं केलं. भात टेबलावर पसरला, भाजीचा ओघळ माझ्या वहीपर्यंत आला. "नाही सूनबाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मी आज नवीन काही सांगितलेलं नाही. नियम म्हणजे नियम."

मुलीचं नाव ते विसरले होते. दुकानाचा रस्ता विसरले होते. शर्टाची बटणं कुठल्या क्रमाने लावायची ते विसरले होते. हे मात्र राहिलं. त्या संध्याकाळी मुलगा टेबल पुसायला थांबला. एकेक शीत वेचून त्याने हातात घेतलं आणि बराच वेळ मूठ उघडली नाही. मला वाटतं, तेव्हा त्याचं भागलं. पण आता त्याचं भागून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खोटं बोलायचं ठरवलं.

"शहामृगाचा डोळा," हे म्हणाले, "त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो."

मी सूची उघडली. श. शहामृगाच्या ओळीवर बोट ठेवलं. "नाही. वहीत नाही."

"नीट बघा मिस. मोठी गोष्ट आहे, कोणीतरी सांगितली असेल."

"बघितलं. नाही."

"मग लिहा!"

मी नवीन वही काढली, पस्तिसावी, फक्त ह्यांच्यासाठी, आणि लिहिलं. लिहिलेलं बघितल्याशिवाय त्यांनी घास उचलला नाही. मग जेवले. दोनदा भात घेतला. सून पदराआड रडत होती. मुलगा शांतपणे जेवत होता. जेवण झाल्यावर मी वह्या आवरत होते तेव्हा तो जवळ आला.

"आई, माझ्या वेळीही एक बोट ठेवता आलं असतं, नाही?"

मी वह्या आवरत राहिले. तो आत गेला.

पुढे रोज हेच. शहामृग, बोट, नाही, लिहा. मी अक्षर मुद्दाम बारीक काढायची, म्हणजे वरच्या ओळी ह्यांच्या नजरेत भरायच्या नाहीत. त्यांना आता बारीक दिसत नसे. पट्टा एका भोकाने मागे आला. त्यांच्या गालांवर जरा तकतकी आली. एकदा त्यांनी मला विचारलं, "मिस, माझं वय झालं का हो?" मी म्हटलं, "थोडं." म्हणाले, "पण शिकणं थांबलं नाही, बघा."

घारूला सात वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात तिने हट्ट धरला. आता ती मोठी झाली, आता तिलाही टेबलावर पाळी हवी. सून नको म्हणाली.  हे म्हणाले, "का नको? माझी घार आहे." तिची खुर्ची माझ्यासमोर ठेवली.

ह्यांनी शहामृग सांगितलं. मी बोट ठेवलं, नाही म्हणाले, लिहिलं. मी भात वाढत होते. भाताचा चमचा माझ्या हातात असतानाच घारू म्हणाली, "आता माझी पाळी! आजोबा, मी सांगू?"

"सांग की."

"आजीच्या वहीत एकच ओळ सदतीस वेळा लिहिली आहे." ती आनंदाने खुर्चीत उभी राहिली. "शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. सगळ्या ओळींत तेच. मी मोजल्या."

 ह्यांनी विचारलं, ठरलेलंच, "कुठे वाचलंस?"

"इथूनच. उलटं."

ह्यांनी हात पुढे केला. मी वही दिली नाही. त्यांनी ती माझ्या हाताखालून ओढून घेतली. शर्टाच्या खिशात त्यांचं घडीचं भिंग कायम असायचं. ते उघडलं, डोळ्याला लावलं आणि पहिल्या ओळीपासून बघायला लागले. ओळीवर बोट, ओळीवर बोट. काच तपासायचे तसे. सून म्हणाली, "बाबा, भात गार होतोय." त्यांनी ऐकलं नाही. सदतीस ओळी बघायला त्यांना फार वेळ लागला.

मग त्यांनी भिंग मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत काही महिन्यांत नव्हती एवढी ओळख होती.

"मिस," ते म्हणाले, "तुम्ही रेघ वाकवलीत."

त्यांनी माझं ताट पालथं घातलं. मग स्वतःचं, भातासकट. मग घारूकडे वळून दोन्ही हात पसरले. "शाब्बास! पुराव्यासकट! आणा, माझ्या पोरीला आधी वाढा."

घारूला आधी वाढलं. ती मोठ्या ऐटीत जेवली. हे तिच्याकडे बघत बसले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी त्या पालकांच्या सभेनंतर बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, विसरले असतील. सकाळचं ते दुपारी विसरायचे. शहामृग आलं. मी बोट ठेवलं. "नाही," मी म्हणाले.

हे हळूच हसले आणि मान हलवली. "तुमचा भरवसा नाही, मिस." ताट पालथं.

किती वर्षांनी त्यांच्या डोक्यात नवीन गोष्ट शिरली आणि टिकली. ती एवढीच होती, की मी खोटं बोलते. का, कशाबद्दल, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण माझ्या हातचा चमचा जवळ आला की ओठ मिटायचे. सुनेच्या हातून दोन दिवस थोडं घेतलं, मग माझीच कोणीतरी असेल असं वाटून तिच्याही हातून घेईनात. मुलाने प्रयत्न केला. पलंगाशी गुडघ्यावर बसून तो म्हणाला, "बाबा, मी नवीन सांगतो, तुमच्या वतीने सांगतो, मग तर चालेल?" आणि त्याने सांगितलं, एकामागून एक, प्रयोगशाळेतल्या, रक्तातल्या, पेशींतल्या, वहीत नसलेल्या पंधरा-वीस गोष्टी. हे मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हुशार आहेस. कोणाचा मुलगा तू?"

हॉस्पिटलात नळी घातली, ती त्यांनी उपसून काढली. छातीत कफ झाला. घारूच्या त्या पहिल्या पाळीनंतर एकोणिसाव्या दिवशी, बुधवारी, दुपारी सव्वातीनला ते गेले.

आता सात वाजता आम्ही जेवतो. कोणी काही सांगत नाही. मुलगा लवकर जेवून उठतो. तक्ता भिंतीवरून काढला आहे. तिथे भिंतीचा रंग वेगळा दिसतो. लांबून मुलगी आली होती. तिने पहिली वही मागितली, तिसरं पान बघितलं आणि परत दिली.

परवा घारूने मला विचारलं, "आजी, माझी पहिली पाळी होती ना, त्या दिवशी आजोबा खूश झाले होते ना गं?"

"फार," मी म्हणाले. हे खरं आहे.

"आणि मग जेवले ना?"

"जेवले. दोनदा भात घेतला."

पस्तिसाव्या वहीत तसं नाही. त्या दिवसाच्या पानावर जे झालं ते झालं तसंच लिहिलेलं आहे, कोण काय म्हणालं त्या शब्दांत, तारखेसकट. मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही. पान फाडायला हात धजला नाही. वही मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे, पाठीमागे, चादरींच्या खाली. घारूला पुस्तकांची फार आवड आहे. खालच्या दोन फळ्या तिने वाचून संपवल्या, आणि या वर्षी ती चांगली अडीच इंच वाढली आहे.